पाणी दाखवणारा हात

घरात कुणी "डोकं दुखतंय" म्हटलं की मी आधी चिडते. विचारपूस नंतर. माझी मुलगी म्हणते, "आई, ताप सांगितला तर तू गोळी देतेस, डोकं सांगितलं तर ओरडतेस." खरं आहे तिचं. मी शाळेत शिकवते. वर्गातली पोरं माझ्या आवाजाला टरकतात, भावकीत मला तोंडाळ म्हणतात, आणि त्यात फारसं चुकीचं काही नाही. पण आतून मी पक्की भित्री. कुणाच्या हातून भांडं पडलं तर मी भांड्याकडे बघत नाही, हाताकडे बघते. बोटं सरळ आहेत ना, अंगठा आत वळला नाही ना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. माझ्यापाठी माझ्या दादाचा डावा हात आहे.

आमचं गाव सिरसाळ्याच्या अलीकडे. त्या वेळी दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षी माणसं पावसाला शिव्या देत होती, दुसऱ्या वर्षी शिव्यासुद्धा आटल्या. विहिरींच्या तळाला उतरून पोरं वाटीनं पाणी भरायची. अर्ध्या गावानं जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली होती, उरलेल्यांनी बाजार दाखवला होता. मी अंबाजोगाईला डीएड करत होते आणि सुट्टीला घरी आले होते.

दादा गावच्या दूध संस्थेत कामाला होता. सकाळ-संध्याकाळ लोक दुधाचे कँड घेऊन यायचे, तो प्रत्येकातून नमुना काढायचा, फॅट बघायचा, माप सांगायचा. आमचं घर बौद्ध. सुरुवातीला काही जणांना आमच्या पोराच्या हातात दूध ओतायला जड गेलं होतं. पण दादा कुणाचं फॅट चोरत नव्हता, कुणाला वाढवूनही देत नव्हता, त्यामुळं कुरकुर आपोआप थांबली. थांबली म्हणजे तोंडावर थांबली. संस्थेत मीटिंग असली की सगळे खुर्च्यांवर बसायचे आणि दादा दाराशी उभा राहायचा. त्याला कुणी उभं राहा म्हणत नव्हतं. बस म्हणतही नव्हतं.

दूध कमी होत चाललं होतं. उरलेल्या जनावरांना पाणी मिळालं नाही तर संस्थेला कुलूप लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून चेअरमननं ठरवलं की संस्थेच्या मागच्या मोकळ्या जागेत बोअर घ्यायचा. चेअरमन म्हणजे गावातला मोठा शेतकरी, पांढरे कपडे, बोलणं थोडं. बोअरची गाडी एकदा आली की भोक कोरडं निघालं तरी खर्च व्हायचा तो होतोच. म्हणून आधी आष्टीकडचा एक पाणाडी आणला. हा माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, अशी सगळ्यांची खात्री.

मी दादाचा डबा घेऊन गेले होते म्हणून मला ते सगळं बघायला मिळालं. पाणाडी फिरफिर फिरला. नारळ काही उठेना. त्याच्या मागं चेअरमन, त्यांच्या मागं निम्मं गाव, आणि सगळ्यांच्या मागं दादा. त्याच्या डाव्या हातात चुन्याची पाटी होती. पाणाडी म्हणेल तिथं चुना टाकून खूण करायची, एवढंच त्याचं काम. उन्हानं सगळे वैतागले होते. पाणाडी घाम पुसत म्हणाला, "जागा रुसलेली हाय."

आणि तेवढ्यात दादाच्या हातातली पाटी थडथड वाजायला लागली.

मला वाटलं तो चेष्टा करतोय. दादा चेष्टेखोर होताच. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. तो आपल्याच हाताकडे बघत होता, जसा माणूस दुसऱ्याच्या हाताकडे बघतो. अंगठा आत वळला, मग बोटं, मग मनगट, आणि तो धक्का दंडापर्यंत चढत गेला. हात आपोआप वर उचलला गेला. पाटीतला चुना सगळा खाली सांडला. मग हात मेल्यासारखा लोंबला. दादा काही बोलायला गेला तर शब्द जड आले.

कुणीतरी म्हणालं, "हात उठला." दुसरा म्हणाला, "खूण बी आपोआप झाली की."

दुसऱ्या दिवशी गाडीनं तिथंच बोअर मारला. आणि पाणी लागलं.

पाणी लागलं नसतं तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. लोक हसले असते, दादा लाजला असता, आईनं त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतं. पण पाणी लागलं. लोक ओंजळीनं ते गढूळ पाणी डोक्यावर घेत होते आणि चेअरमन दादाला म्हणाले, "बसा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला 'बसा' म्हटलं. स्वतःच्या धोतरानं खुर्ची पुसून.

त्यानंतर आमच्या दारात जीपा यायला लागल्या. ज्यांच्या ओट्याला आमच्या आजोबांनी कधी पाठ टेकली नाही, ते लोक आमच्या दारात चपला काढून उभे राहायचे. दादाला रानात न्यायचे, फिरवायचे. हात रोज थोडाच उठतो. कधी उठायचा, कधी नाही. उठला तिथं भोक पाडायचे. काही भोकांना पाणी लागलं, काहींना नुसती ओल लागली, बाकीच्यांतून धूळ निघाली. धुळीचं कुणी लक्षात ठेवलं नाही. म्हणायचे, मालकाची नियत खोटी होती. हात उठल्यावर दादाला संध्याकाळपर्यंत त्या हातानं तांब्यासुद्धा धरता यायचा नाही. त्याचंही उत्तर तयार होतं, "शक्ती खर्च झाली."

माझ्या बाबांना हे बिलकूल खपत नव्हतं. बाबा एसटीत मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक-देव ओढ्यात सोडले होते, आणि त्या घरात कुणाच्या अंगात येणं म्हणजे बाबांच्या डोक्यात तिडीक जाणं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जगात प्रत्येक आवाजाला कारण असतं. इंजिन खडखडलं की बोल्ट ढिला असतो, भूत नसतं. "नाटकं बंद कर बे," ते दादाला म्हणायचे. "पुढाऱ्यांच्या खुर्चीवर बसायला मिळतं म्हणून हात हलवतोस. उद्या शेपूट हलवशील."

गाव म्हणत होतं देणगी, बाबा म्हणत होते ढोंग. दोघांचीही बोलणी मी ऐकत होते. दोघंही इतके ठाम होते की तिसरं काही असेल ही शंकासुद्धा घरात शिरायला जागा नव्हती.

पण मी बघितलं होतं. एका दुपारी दादा चुलीजवळ जेवायला बसला होता, मी वाढत होते. त्याच्या हातातली भाकरी पडली. अंगठा वळला. बोटं वळली. धक्का दंडापर्यंत गेला, आणि या वेळी आणखी वर, मानेतून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत. ओठ एका बाजूला ओढला गेला आणि तिथून लाळ आली. आमच्या स्वयंपाकघराखाली पाणी नव्हतं. असतं तर आई टँकरमागं घागर घेऊन पळाली नसती.

धक्के थांबल्यावर दादानं उजव्या हातानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "कुणाला सांगू नको."

"घरात काहून उठला हात?" मी विचारलं.

त्यानं पडलेली भाकरी उचलून ताटात ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "मला म्हाईत हाय, ते पाणी न्हाई. सकाळी डोकं असं दुखतंय की भिंतीवर आपटावं वाटतंय. उलटी होती. मला लई भ्या वाटतंय गं. पण रानात गेलो, हात उठला, समदे हात जोडून उभे राह्यले की वाटतं, तेच आसंल. देणगीच आसंल. न्हाईतर मग काय हाय ते?"

काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. पण जे काही होतं ते दादाला घेऊन जाणार, हे मला त्या क्षणी कळलं होतं. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी त्याचं ऐकलं नाही. त्याच दिवशी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आता घरातबी नाटक चालू झालं का?" आई म्हणाली, "डाक्टरला दावू." बाबा म्हणाले, "आधी ते रानात फिरणं बंद करू दे, आपोआप बरा होतोय." डोकेदुखीला ऊन कारण होतं, उलटीला टँकरचं पाणी कारण होतं. दुष्काळात प्रत्येक दुखण्याला कारण सापडतं, हीच तर अडचण. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आईनं मात्र एक केलं. दादा जिथं जाईल तिथं मला सोबत पाठवायला लागली. "तू त्याच्याबरोबर ऱ्हा," एवढंच म्हणायची. जीपमध्ये मागं बसून मी सगळी वाट त्याच्या हातावर डोळे ठेवायचे. हात शांत असला की मला श्वास यायचा, आणि लोकांचा जीव वरखाली व्हायचा.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी आम्ही धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या एका रानात गेलो होतो. रान मोठ्या घरचं होतं. चेअरमनचे ते पाहुणे, म्हणून चेअरमन स्वतः आले होते. बोअरची गाडी आधीच येऊन उभी. लोक नारळ घेऊन बांधावर बसलेले. दादा सकाळपासून पिवळा दिसत होता. मी म्हणाले, "चल परत." तो म्हणाला, "एवढं रान बघतो आन् जाऊ."

थोडं चालल्यावर हात उठला. लोकांत एक कुजबुज झाली, आणि ती लगेच थांबली, कारण हात थांबलाच नाही. धक्का दंडातून खांद्यात गेला, खांद्यातून तोंडात, मग दादा आडवा पडला आणि त्याचं सगळं अंग ढेकळांवर आपटायला लागलं. डोळे पांढरे झाले. तोंडातून फेस आला.

आणि लोकांनी हात जोडले.

कुणी जवळ आलं नाही. कुणी पळालंही नाही. सगळे गोल करून उभे राहिले आणि हात जोडून वाट बघत राहिले. एक म्हातारा म्हणाला, "लई खोल हाय पाणी, म्हणून एवढं जोरात दावतंय." मी पुढं धावले तर दोन बायांनी माझे दंड धरले. "हात लावू नको बाई, मधेच मोडंल." त्यांनी मला मायेनं धरलं होतं, हे मला आठवतं. त्या घरची बाई कुंकवाचं ताट घेऊन आली आणि माझ्या भावाच्या कपाळावर, ते आपटत असतानाच, तिनं कुंकू लावलं. ते गालावर, भुवईवर, सगळीकडं फासलं गेलं. मी जगातली सगळ्यात तोंडाळ पोरगी आणि माझ्या घशातून आवाज निघेना.

शेवटी मी एकीच्या हाताला चावले. सुटले, दादाजवळ गेले, त्याला कुशीवर वळवलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या तोंडातला फेस नाकात जात होता, म्हणून वळवलं. अंग आपटायचं थांबलं, पण तो जागा होईना. मी चेअरमनकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यो आजारी हाय. पाणी दावत न्हाई, मरायला लागलाय." चेअरमननी क्षणभर दादाकडे बघितलं, मग हातातला नारळ खाली ठेवला आणि स्वतः त्याचे पाय धरले. आम्ही दोघांनी त्याला जीपमध्ये घातलं. मागं कुणीतरी विचारत होतं, "मग भोक इथंच पाडायचं का?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाबा मागून पोचले. स्ट्रेचरजवळची नर्स कुंकवाला रक्त समजून जखम शोधत होती. बाबांनी अंगठ्यानं ते कुंकू पुसलं. एक भुवई पुसायची राहिली होती, तीही पुसली. मग आपल्या अंगठ्याकडे बघत भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला. फोटो आला, तो उजेडावर धरून त्यांनी उजव्या बाजूला बोट ठेवलं. लिंबाएवढं काहीतरी पांढरं तिथं बसलं होतं. डावा हात तिथून हलवला जात होता. देणगीही नव्हती आणि ढोंगही नव्हतं.

पुण्याला चेअरमनच घेऊन गेले, आपल्या गाडीतून. नगरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी दादाला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. दादा म्हणाला, "बसा की साहेब." ते बसले नाहीत.

पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात आमच्याशी एक तरुण डॉक्टरबाई बोलायच्या. ऑपरेशन करावं लागेल, सगळं निघेल असं नाही, हातातलं बळ जाईल, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. बाबांनी फक्त एकच विचारलं, "हे कशामुळं झालं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हंजी पाण्यानं, दुधानं, उन्हानं, कशानं?"

"यातलं काही असेल असं वाटत नाही. खरं सांगायचं तर अजून आम्हाला कळलेलंच नाही."

बाबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. प्रत्येक आवाजाला कारण असतं यावर ज्याचं सगळं आयुष्य उभं होतं, त्याला एक शिकलेलं माणूस शांतपणे सांगत होतं की कारण माहीत नाही. ते भ्याले. मला वाटतं दादाच्या आजारापेक्षाही त्या उत्तराला ते जास्त भ्याले.

मग बाईंनी विचारलं की काढलेल्या गाठीतला थोडा भाग संशोधनासाठी ठेवून घेऊ का. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हेही सांगितलं. आई म्हणाली, "काढल्यावर फेकून का न्हाई देत? ठेवायचं कशाला?" दादा मात्र हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"संस्थेत मी समद्यांच्या कँडातून नमुना काढायचो," तो म्हणाला. "चेअरमन साहेबांच्या बी. कुणी न्हाई म्हणलं तर मी म्हणायचो, नमुन्याबिगर पाणी किती घातलंय कळत न्हाई. आता माझा नमुना घ्यायला आले तर मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?" आणि त्यानं सही केली.

ऑपरेशन झालं, नंतर रोज मशीनखाली झोपवणं झालं. केस गेले. तो घरी आला. काही आठवडे संस्थेतही जाऊन बसला, एका हातानं माप घ्यायचा. लोक दूध घालताना त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. घरात आम्ही सगळे एकमेकांना न सांगता पहाटे उठायचो आणि तो उलटी करतोय का ते ऐकत पडायचो. कोंबडा आरवला तरी मी दचकायचे. आई त्याला भाकरी देताना डाव्या बाजूला बसायची, म्हणजे हात वळला तर तिला आधी दिसावं. एका सकाळी वळला.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नाही. डावा पाय गेला, मग गिळणं गेलं. तो दिवसभर झोपायला लागला. जागा झाला की विचारायचा, "संस्था चालू हाय ना?" चालू होती. बोअरचं पाणी जनावरांना पुरत होतं. पुढच्या उन्हाळ्यात, टँकर गावात आला होता म्हणून आई घागरी लावायला गेली होती आणि मी त्याच्याजवळ होते, तेव्हा तो गेला. माझा हात त्याच्या डाव्या हातावर होता. मी इतके दिवस त्या हातावर पाळत ठेवून होते की श्वास थांबल्याचं मला उशिरा कळलं.

तो बोअर अजून चालू आहे. जमिनीत पाणी होतं, एवढंच.

दादाच्या स्मृतिदिनाला आम्ही विहारात वंदना घेतो, खीर करतो, आणि जमेल तेवढी मदत त्या संशोधनाला पाठवतो. चेअरमन हयात होते तोवर दर वर्षी यायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि पाकीट माझ्या हातात देऊन निघून जायचे. गावात कुणाला फिट आली तर आता माणसं मला बोलावतात. मी शाळेतल्या पोरांना शिकवलं आहे, हात जोडायचे नाहीत, कुशीवर वळवायचं. जमलेली मदत घेऊन बाबा स्वतः पुण्याला जायचे. पोस्टानं पाठवा म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. डॉक्टरबाईंना भेटायचे आणि विचारायचे, "सापडलं का काही?" बाई खरं ते सांगायच्या, थोडं कळलंय, पुष्कळ कळायचंय. तेवढ्यावर ते परत यायचे. सहा-सात वर्षं त्यांनी असं केलं आणि मग तेही गेले, कारण न कळता.

माझं वेगळंच चाललं होतं. दादाचा तो नमुना भयंकर थंड फ्रीजमध्ये ठेवतात असं बाबांनी सांगितल्यापासून माझ्या मनानं धरलं होतं की दादा थोडासा शिल्लक आहे. बाकी सगळा जाळला, पण एवढासा आहे. उन्हाळ्यात पत्रा तापला की मी मनात म्हणायचे, तुझं बरं आहे, गारव्यात आहेस. आमच्याकडे लोडशेडिंग झालं की मला पुण्यातल्या विजेची काळजी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तोंडाळ बाईला वेडी म्हणायला लोकांना किती वेळ लागतो?

मागच्या वर्षी डॉक्टरबाईंचा फोन आला. जमलं तर येऊन भेटा म्हणाल्या. आई म्हणाली, "मी बी येती." बाबांबरोबर ती कधीच गेली नव्हती. पुण्याचा नंबर दिसला की ती फोनसुद्धा उचलत नाही. आता यायचं म्हणाली म्हणून मला नवल वाटलं. वाटेत तिनं पाणीही प्यायलं नाही.

बाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी आम्हाला बसवलं आणि सांगितलं, एक नवीन तपासणी सुरू होतेय, जुने नमुने त्यात लागणार आहेत. दादाचा नमुना इतकी वर्षं थोडा थोडा वापरला, आता अगदी कणभर उरला आहे. या तपासणीत तो सगळा संपेल. नंतर काही राहणार नाही. परवानगी जुनी आहे, पण शेवटचं आहे म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय वापरावंसं वाटलं नाही.

संशोधनाला मदत करा म्हणून मी गावभर सांगत फिरते, आणि ऐन वेळी माझ्या ओठांवर नकार तयार होता. थोडा तरी राहू द्या. एवढंच मला म्हणायचं होतं.

त्याआधी आई बोलली. "बाई, ते आता केवढं झालं आसंल?"

बाईंना कळलं नाही. "काय केवढं?"

"ते. वाढतच आसंल ना. इतकी वर्षं झाली."

बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. त्यांनी समजावलं, तिथं इतकी थंडी असते की काहीच वाढत नाही, ते जिवंत नसतं. आई ऐकत होती, पण तिचा विश्वास बसला नव्हता. "साप बी थंडीत निपचित पडतोय," ती म्हणाली. "ऊब लागली की उठतोय. यांच्या बापाला मी म्हणलं व्हतं, ठेवायला देऊ नका. माझी ही हाय, हिची पोरगी हाय. मला वाटायचं, एवढं मोठं शहर, वीज गेली आन् ते बाहेर आलं तर."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवून, इतकी वर्षं आम्ही दोघी त्या एकाच फ्रीजची काळजी करत होतो. मी म्हणाले, "आई, ते आपल्या दादाचं हाय. तेवढाच राह्यलाय तो."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी लहान असताना काहीतरी खुळ्यासारखं बोलले की बघायची तसं.

"दादा तर माझ्या मांडीवर संपला," ती म्हणाली. खरं तर तो माझ्या हाताखाली गेला होता, पण ते मी बोलले नाही. "हे दादा न्हाई. हे त्याला खाणारं हाय. तू काय जपत बसलीस?"

मग ती बाईंकडे वळली. "समदं घ्या. काय कापायचं, काय जाळायचं, कशात घालायचं ते घाला. दुसऱ्याच्या लेकराला उपेग झाला तर चांगलंच हाय. पर संपवा त्याला. आन् संपलं की मला कळवा."

बाई म्हणाल्या, "मी स्वतः फोन करीन." कागद पुढं केला. आई साक्षरता वर्गात सही करायला शिकली होती. तिनं एकेक अक्षर दाबून काढलं. मी नेहमीप्रमाणे तिच्या बोटांकडे बघत होते.

परतीच्या गाडीत तिनं मोबाईल पिशवीत ठेवला नाही. मुठीत धरून बसली. नगर मागं पडल्यावर तिनं तो माझ्यापुढं केला.

"ह्याचा आवाज बंद तर न्हाई ना झाला? बघ जरा."

मी बघितलं. आवाज चालू होता.